सहा खांबांचा फरक

१९ जून

धाकट्या,

'चिरंजीव' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. आशीर्वाद द्यायला मन मोठं लागतं, आणि माझं सध्या फार लहान झालंय.

तुझं पुस्तक वाचलं. तू पाठवलं नव्हतंस. माझ्या चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला आलेल्या एका निवृत्त मास्तरांच्या हातात होतं. जवळचं वाचताना अक्षरं हलतात म्हणाले, म्हणून मी तपासणीची चौकट त्यांच्या नाकावर चढवली आणि म्हटलं, हेच वाचा. त्यांनी मोठ्याने वाचलं, 'तळ्याकाठची माझी चाळीस वर्षं'. भिंग बदलायला उचललेला माझा हात तिथेच राहिला. मास्तर म्हणाले, "बाई, अक्षरं हलायची थांबली हो." मी म्हटलं, "माझी सुरू झाली."

चाळीस वर्षं! त्यातली तेहतीस तू या गावात नव्हतास. उरलेल्या सातांत बाबा पहाटे सायकल काढायचे तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून झोपलेला असायचास. एकदाही गेला नाहीस त्यांच्याबरोबर. बाबांची नोकरी तळ्याची पाणीपातळी नोंदायची. बांधावरचे चाळीस दगडी खांब चालून पार करायचे, पट्टीवरचा आकडा वहीत उतरवायचा, आणि पानाच्या उरलेल्या जागेत पक्षी. अशा सात वह्या भरल्या. बाबा गेले त्या आठवड्यात 'दोन महिन्यांत उतरवून परत देतो' म्हणत तू त्या पिशवीत घातल्यास. त्याला सहा वर्षं झाली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बिळात राहायला तरी येतो.

आता पान एकशे बारा. 'अठराव्या खांबापाशी मी ओल्या मातीत गुडघे टेकले. हातभर अंतरावर शेकाट्याची चार अंडी होती.' मी इतकी हसले की शेजारचा घड्याळवाला काय झालं म्हणून बघायला आला.

अरे, अठराव्या खांबापाशी माती नाहीच. बांध तिथे सरळ खाली उतरतो आणि बारा महिने दोन पुरुष पाणी असतं. तिथे गुडघे टेकलेला माणूस पुस्तक लिहायला वर येत नाही.

कारण सांगते, नीट वाच. मी बारा वर्षांची असताना एक गोड बोलणारा माणूस तळ्याच्या पंपघरात बाबांजवळ येऊन बसायचा. पक्ष्यांचा फार नाद म्हणे. एकदा त्याने बाबांची वही चाळली, आणि दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलेल्या प्रत्येक घरट्यातली अंडी गेली. पेटीत कापूस घालून अंडी जमवणारा होता तो. त्यानंतर घरट्याचा खांब लिहिताना ते नेहमी सहा मिळवून लिहायला लागले. बाराच्या जागी अठरा. अकरा ते सोळा या खांबांसमोर उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, सपाट चिखल उघडा पडतो आणि शेकाटे तिथे घरटी करतात. वहीत ती जागा झाली सतरा ते बावीस. हे बाबांना आणि मला, दोघांनाच ठाऊक. तू पाच वर्षांचा होतास आणि तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता. पुढे मोठा झालास तरी बाबा शेवटपर्यंत म्हणाले, त्याला सांगू नकोस.

तर तुझ्या पुस्तकातले घरट्यांचे सगळे खांब चुकलेत. दुसरी आवृत्ती निघायच्या आत दुरुस्त कर. आणि बाबांचं नाव घाल, तुझ्या नावाच्या वर.

तुझी ताई

ता. क. तिकीट लावून टपालपेटीपर्यंत गेले होते. पाकीट अर्धं आत सरकवलं आणि मागे ओढलं. इतकी चांगली गोष्ट तुला अशी हातात का आणून द्यायची? पत्र दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहे, बारीक स्क्रूंच्या डबीखाली.


११ जानेवारी

धाकट्या,

या पत्राला तिकीट लावायचा प्रश्नच नाही. पण तुझ्याशी भांडायची सवय लागलीय, आणि मनातल्या मनात भांडलं की तू जिंकतोस. कागदावर मी जिंकते.

तू तळे समितीचा सल्लागार झालास. अध्यक्षबाईंचा चष्मा मीच बनवते, त्यामुळे बातमी कदाचित तुझ्याआधी मला कळली. "तुमचे बंधू म्हणजे चालतंबोलतं तळं आहेत," म्हणाल्या. मी त्यांच्या चष्म्याची दांडी सरळ करत होते, ती जरा जास्तच पिळली गेली. नवीन घालून द्यावी लागली.

आज समोरच्या फलकावर नकाशा लागला. सतरा ते बावीस खांबांना हिरवा रंग, 'पक्ष्यांसाठी राखीव, प्रवेश बंद'. म्हणजे जिथे फक्त मासे राहतात त्या खोल पाण्याला तुम्ही कुंपण घालणार. अकरा ते सोळाला पिवळा रंग. तिथे फरसबंद वाट, बाकं आणि पक्षी बघायला मनोरा. खाली तुझी सही, तीच ती, शेपटीवाली. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवा.

आधी नकाशा दोनदा वाचला. मग, लाज सोडून सांगते, उकळ्या फुटल्या. स्वतःच्या हाताने तू एवढा मोठा खड्डा खणलास, आणि मी काठावर उभी!

हरकत लिहायला दोन ओळी पुरतात. पण मग काय होईल ते मला पाठ आहे. नकाशा गुपचूप बदलेल, तू 'स्थानिक माहितीच्या आधारे सुधारणा' असं काहीतरी लिहिशील आणि पुन्हा चालतंबोलतं तळं म्हणून मिरवशील. ते नाही व्हायचं. नकाशाच्या खाली स्पष्ट लिहिलंय की २० एप्रिलला तळ्याकाठी शुभारंभाची सभा, त्याआधी वाटेचं काम सुरू होणार नाही. त्या वेळी शेकाटे अंड्यांवर असतील. सगळं गाव जमेल, वर्तमानपत्रवाले येतील. तुझं भाषण संपलं की मी उठेन आणि म्हणेन, चला, खरी घरटी दाखवते. काम त्याच दिवशी थांबेल, पक्षी वाचतील आणि तू सगळ्यांच्या देखत तोंडावर आपटशील. एका दगडात दोन पक्षी म्हणणार होते, पण ही म्हण बाबा घरात बोलू देत नसत.

तुझी (फलक वाचणारी) ताई


१७ मार्च

धाकट्या,

ते आले.

दुकान दहाला उघडते, त्याआधी तीन तास माझे. बाबांची दुर्बीण आहे माझ्याकडे. तू ती टाकून गेलास, कारण तिच्यातून सगळं दुहेरी दिसायचं. बुरशी धरली होती आणि आतला एक लोलक सरकला होता, बाकी काही नाही. दोन रविवार घालवून मी ती उघडली, पुसली, जुळवली. आता तिच्यातून शेकाट्याच्या डोळ्याचा लाल रंगसुद्धा दिसतो.

कोणी विचारलं की काय एवढं असतं रोज बघण्यासारखं, तर मला सांगता येत नाही. पाय बघ त्याचे, गुलाबी आणि शरीराला न शोभणारे लांब. जणू कोणी दुसऱ्याच पक्ष्याचे चुकून लावलेत. आणि त्या पायांवर तो चिखलात इतक्या अदबीने चालतो की आपण आपल्या चपलांकडे बघावं. आज एका जोडीचं मीलन पाहिलं. नंतर नराने आपली चोच मादीच्या चोचीवर आडवी ठेवली, एक पंख तिच्या पाठीवर टाकला, आणि दोघं तशीच चार-पाच पावलं चालली. मग विसरून गेल्यासारखी वेगळी झाली. मी लग्न केलं नाही म्हणून तुझी बायको हळहळते ना? तिला सांग, मी दर मार्चमध्ये वीस-बावीस लग्नं बघते आणि मला पुरतात.

पहिलं घरटं तेराव्या खांबासमोर झालंय. घरटं कसलं, चिखलाचा उंचवटा आणि वर चार काड्या. अंडी मातीच्या रंगाची, त्यावर काळे ठिपके. समोर असली तरी दिसत नाहीत. डोळे चांगले असून भागत नाही, थांबावं लागतं. बाबांच्या सातांनंतरची आठवी वही मी भरते, तीत लिहून टाकलं, एकोणीस म्हणून. हात आपोआप सहा मिळवतो.

घरी येताना मन इतकं निवळलं होतं की वाटलं, जाऊ दे. खरंच वाटलं. पक्ष्यांच्या जिवावर खेळ नको. दुकान उघडण्याआधी तुला फोन लावला. सहा वर्षांनी. तूच उचललास.

"अरे, त्या नकाशाबद्दल बोलायचं होतं."

"ताई, नकाशाला शास्त्रीय आधार आहे. तू त्यात नको पडूस."

"अरे पण बाबांच्या वह्यांत..."

"बाबा छंद म्हणून लिहायचे गं. मी त्याचं शास्त्र केलं. तू आपली दुकान सांभाळ. आणि सभेला ये हं, पुढची खुर्ची ठेवतो तुझ्यासाठी."

उचलली जीभ लावली टाळ्याला! छंद म्हणे. ज्या माणसाने तापातसुद्धा नोंद चुकवली नाही, त्याचा छंद. मी म्हटलं, "येते ना. पुढचीच खुर्ची ठेव." आणि फोन ठेवला.

तुला एक संधी दिली होती, हे लक्षात ठेव. मीही ठेवलंय.

ताई


१२ एप्रिल

सकाळी साडेअकरा वाजता एका बाईंच्या नाकावर चौकट चढवलेली होती आणि मी विचारत होते, हे स्पष्ट की हे. तेवढ्यात तळ्याचा राखणदार दारात आला. एक चप्पल पायात, एक हातात. "लवकर चला, रूळ फिरवतायत," म्हणाला. मी तशीच धावले. बाई बिचाऱ्या चौकट घालून खुर्चीतच बसून राहिल्या, असं घड्याळवाल्याने नंतर सांगितलं.

अकराव्यापासून पंधराव्या खांबापर्यंत जमीन सपाट झाली होती. जमीन दाबायचा पिवळा रूळ सोळाव्याच्या अलीकडे थांबला होता. चालक खाली उतरून उभा होता, टोपी उलटी करून दोन्ही हातांत धरलेली. टोपीत चार अंडी होती.

"बाई, मला म्हणाले दीडशे खुर्च्या आणि मंच मांडायचाय. जागा सपाट पाहिजे. पक्षी तासभर डोक्यावर झडप घालत होते, मला वाटलं उन्हाने पिसाळलेत. ही चार दिसली म्हणून थांबलो. आधीची दिसली नाहीत हो. मातीसारखीच असतात." रडत होता तो माणूस. त्याचं काय चुकलं?

काल संध्याकाळी तेवीस घरटी मोजली होती. शहाऐंशी अंडी.

सांगते तुला काय पाहिलं, म्हणजे पुढच्या पुस्तकात घालशील. उन्हात अंडी तापू नयेत म्हणून शेकाट्या पाण्यात जाऊन पोट भिजवून येतो आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवतो. दिवसातून कितीतरी वेळा. रूळ थांबल्यावर ते एकेक करून आले, ओली पोटं घेऊन. रुळाच्या पट्ट्यांवर आपापल्या जागी उभे राहिले. त्यांना जागा बरोबर माहीत होत्या, त्यांना खांब लागत नाहीत. पाय दुमडून खाली बसायचे, उठायचे, खाली बघायचे, पुन्हा बसायचे. मी दुपारी तीनपर्यंत तिथे होते. टोपीतली अंडी होती तिथेच एक खळगा करून ठेवली आणि लांब जाऊन थांबले. कोणी आलं नाही.

तू, तुझा नकाशा, तुझं शास्त्र. माझ्या हातून तुझं आता काय होतं ते बघ. दया म्हणून जी काही शिल्लक होती ती त्या रुळाखाली गेली.

काम वीस तारखेनंतर सुरू होणार होतं, हे खरंच. वाटेचं काम अजून सुरू झालंच नाहीये. ही नुसती खुर्च्या मांडायची जागा. खुर्च्यांना जागा लागते, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? सभेची वाट बघत तीन महिने दिवस मोजत होते मी. तिथली एक खुर्ची माझी होती, पुढची.


२० एप्रिल, संध्याकाळ

धाकट्या,

झालं. तू तिथेच होतास, तरी लिहिते, कारण तुला मंचावरून दिसलं आणि मला खालून.

गोरामोरा होण्याआधी मंचावर तू किती छान बोललास. तिवईवर मोठी दुर्बीण लावून सतराव्या खांबाकडे वळवली होतीस. लोक रांग लावून बघत होते आणि काही न दिसता मान हलवत होते. "पक्षी लाजाळू असतात," तू म्हणालास. मासे तर त्याहून लाजाळू.

मग मी उठले. पांढरी साडी नेसले होते, कारण ती तुला आवडत नाही. मी म्हटलं, "धाकट्या, पान एकशे बारा वाच ना." तुला वाटलं ताईचं मन विरघळलं. तू किती खूश होऊन वाचलंस! गुडघे टेकले, ओली माती, हातभर अंतर. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता आम्हाला तिथे नेऊन दाखव."

दीडशे माणसं बांधावरून अठराव्या खांबापर्यंत चालत आली. राखणदाराला मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने होडी लोटायचा लांब बांबू आणला आणि खांबाला लागून पाण्यात सोडला. बांबू जात राहिला, जात राहिला, त्याच्या मुठीपर्यंत गेला, तळ लागला नाही. "टेक ना गुडघे," मी म्हटलं. आधी एकजण हसला, मग सगळे हसले. तुझ्या हातातलं पुस्तक तू पाठीमागे नेलंस, लहानपणी फुटलेली पाटी लपवायचास तसंच. तो क्षण मी दहा महिने जपला होता, धाकट्या, आणि खोटं कशाला बोलू, गोड होता. साखरेसारखा.

मी वह्यांचं सांगितलं, सहाचं सांगितलं. अध्यक्षबाई गोंधळल्या. "म्हणजे घरटी होती तरी कुठे?"

"तुम्ही आत्ता जिथे बसला होतात, तिथे. तेवीस."

सगळ्यांनी वळून खुर्च्यांकडे पाहिलं. आणि माझा विजय पूर्ण झाला असं मी धरून चालले, तेवढ्यात तू बोललास. मोठ्याने नाही. घरात बोलावं तसं.

"ताई, तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"बाराव्या वर्षापासून."

"ते नाही गं. नकाशा चुकलाय, हे कधीपासून?"

खोटं बोलता आलं असतं. पण राखणदार माझ्याकडे बघत होता. रोज पहाटे मला बांधावर बघणारा माणूस. मी म्हटलं, "जानेवारीपासून."

तुझ्याकडे रोखलेल्या नजरा एकेक करून माझ्याकडे वळल्या. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून हातात घेतला, जणू मला नीट बघायची त्यांना गरज उरली नव्हती. रुळाचा चालक कडेला उभा होता. "माहीत होतं?" एवढंच तो म्हणाला.

तू तिथून गेलास त्या वाटेने मी आले नाही. दुसऱ्या बाजूने, चाळिसाव्या खांबापर्यंत चालत जाऊन घरी आले.


३ जून

धाकट्या,

वर्तमानपत्रातलं कात्रण मी जपून ठेवलंय. समितीने तुला काढलं, प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं, वाटेचा बेत रद्द झाला. हे सगळं मला हवं होतं आणि सगळं मिळालं. माझ्या दुकानात मात्र आता लोक नंबर तपासून घेतात आणि चष्मा दुसरीकडे करतात. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी बाई कशी दिसते, ते आरशात रोज बघते. आरसे माझ्या दुकानात भरपूर आहेत.

तुझं पार्सल आलं. सातही वह्या, मेणकापडात गुंडाळून, कोपरे न दुमडता. सोबत चिठ्ठी नाही. बरं केलंस.

गेल्या जूनमधल्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं, ते आधी सांगते. बाबा शेवटपर्यंत 'त्याला सांगू नकोस' म्हणाले असं लिहिलंय ना? शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, "तो आला की त्याला सहाचं सांग. नाहीतर वह्या म्हणजे नुसता कागद." तू दोन दिवस उशिरा आलास. जिन्यात फोन कानाला होता. आत आलास आणि बाबा कसे गेले हे विचारायच्या आधी विचारलंस, वह्या कुठे आहेत. मी कपाट दाखवलं आणि तोंड मिटून घेतलं. ते मिटलं ते एप्रिलपर्यंत. म्हणजे नकाशा तू काढलास, पण चुकवला मी, सहा वर्षांपूर्वी, त्या जिन्यापाशी.

दुसरंही एक खोटं निघालं, ते मलाच माहीत नव्हतं. तिसऱ्या वहीत मे महिन्याच्या पानावर बाबांचं अक्षर आहे. 'आज धाकटा सोबत. दोन तास हलला नाही. घरटं त्याने आधी पाहिलं, मी नंतर.' तू सहा वर्षांचा असशील. तू एकदाही गेला नाहीस असं मी कितीजणांना सांगितलं आहे, आणि त्या दिवशी मी कुठे होते ते मला आठवत नाही. तुला आठवतो का तो दिवस? पुस्तकात तर नाही. एवढी एकच गोष्ट तुझ्या डोळ्यांची होती, आणि नेमकी तीच सोडून बाकी सगळं तू लिहिलंस. मूर्ख!

म्हणून हे पुडकं. गेल्या जूनपासूनची सगळी पत्रं आहेत, तिकीट लावलेलं पहिलं पाकीटसुद्धा. कोणाला दाखवायची असतील त्याला दाखव. वर्तमानपत्रात दे. मी तुला माफ केलेलं नाही, आणि तूही मला करू नकोस, इतक्यात तर नकोच. बाबांच्या वह्यांना छंद म्हणालास ते माझ्या मनातून जाणार नाही. मला गोड वाटलेलं तुझ्या मनातून जाणार नाही.

एप्रिलची नोंद मी आठव्या वहीत केली. 'खांब अकरा ते सोळा. घरटी शून्य.' सहा मिळवले नाहीत. या वह्यांत इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घरट्याचा खरा खांब लिहिला गेला, कारण चोरून नेण्यासारखं तिथे काही नव्हतं.

परवा मात्र एक जोडी दिसली. अंडी गेली तर शेकाटे कधीकधी पुन्हा घालतात, उशिराने, दुसरीकडे. चार अंडी आहेत. नर पोट भिजवून येतो आणि मादी उठायला तयार नसते, मग दोघांचं जरा वाजतं. मी हसले, एकटीच, बऱ्याच दिवसांनी.

वहीत मी खांब एकोणतीस लिहिलाय. सहा मिळवून की न मिळवता, ते सांगणार नाही. एवढा सूड राहू दे माझ्याकडे. एकोणतीस नाहीतर तेवीस, मधे तीनशे पावलं आहेत. पिल्लं बाहेर यायला अजून तीन आठवडे. यायचं तर पहाटे ये, आणि चालत ये. दुर्बीण माझ्याकडे आहे, दोघांत एक पुरेल. आणि मान खाली घालून चाल. मलाही हल्ली तसंच चालावं लागतं. अंडी पायाखाली येतात.

ताई